पीलखान्यातल्या अकराजणी

मार्गशीर्षातल्या त्या सकाळी नीलखेडच्या भुईकोटावर उजाडले तेव्हा खंदकातल्या शेवाळलेल्या पाण्यावरचे धुके तटाच्या पायथ्याशी रेंगाळत होते, नगारखान्यावरचे संस्थानचे निशाण दवाने ओले होऊन काठीला चिकटले होते, आणि ज्या तोफांच्या सलामीचा दरबारला एवढा अभिमान होता त्यांच्यापैकी चार तोफांच्या तोंडांत साळुंक्यांची जुनी घरटी होती. हा किल्ला कधी लढला नव्हता. पेशवाई बुडाली त्या साली कंपनीची एक तुकडी त्याच्या दाराशी येऊन थांबली, तेव्हा त्या वेळच्या राजेसाहेबांनी दरवाजाच्या किल्ल्या चांदीच्या तबकात घालून, वर गोविंदविडा ठेवून, बाहेर पाठवून दिल्या. तुकडीच्या कप्तानाला फक्त पुढच्या गावाचा रस्ता विचारायचा होता.

अशा किल्ल्यात दरबारने पंधरा वर्षांपूर्वी वैद्यकीय शाळा आणि तिच्यासाठी रुग्णालय काढले होते. जुन्या कचेरीत पुरुषांचे वॉर्ड, दारूखान्यात शवविच्छेदन, आणि मुख्य दरवाजातून आत येताच समोर दिसणाऱ्या जनानखान्यात, जिथे वारा चांगला खेळे आणि ऊन सकाळचे तेवढेच येई, स्त्रियांचा वॉर्ड. पीलखाना तेवढा रिकामा होता. शेवटचा हत्ती मेल्यापासून तिथे एक मोडकी अंबारी आणि वटवाघळे यांच्याखेरीज कोणी राहत नसे.

साल एकोणीसशे त्रेचाळीस. संस्थान महायुद्धात होते, म्हणजे तारांमधून होते. राजेसाहेब दर महिन्याला आपली तलवार बादशहाच्या चरणी अर्पण करणारी तार करीत, आणि त्यांची खास पलटण राजवाड्याच्या फाटकावर पहारा करी. सरकारला लढाईसाठी डॉक्टर कमी पडत होते. जी शाळा चालते रुग्णालय आणि त्यात लष्करी वॉर्ड दाखवील तिला मान्यता मिळेल, असे जाहीर झाले होते. नीलखेडच्या दरबाराला डॉक्टरांशी काही कर्तव्य नव्हते. राजेसाहेबांना नऊ तोफांची सलामी होती आणि अकरांची हवी होती. मान्यता म्हणजे युद्धकार्याला मदत, मदत म्हणजे मर्जी, आणि मर्जी म्हणजे आणखी दोन तोफा, अशी दिवाण रावबहादूर चिंतोपंत आगाशे यांची अटकळ होती, आणि एवढ्या एका अटकळीवर त्यांनी वर्षभर झोप उडवून घेतली होती. पाहणीसाठी एक कर्नल दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला येणार होता.

रुग्णालयाच्या व्यवस्थापिका होत्या सगुणाबाई टिपणीस. ती माझी आई. तिला जाऊन आता चार महिने झाले. या हकिकतीत मी तिला नावानेच संबोधणार आहे. त्या तटाच्या आत तिला सगळे त्याच नावाने ओळखत, आणि तिने ते नाव स्वतः कमावलेले होते.

विधवा झाल्यावर सव्विसाव्या वर्षी सगुणाबाई इथे कारकून म्हणून आल्या, त्या एका अडचणीमुळे. बायका नवऱ्याचे नाव घेत नसत. पुरुष कारकून विचारी, बाई लाजून पदर तोंडाला लावी, आणि कारकून नुसतेच ‘सखू’ लिहून मोकळा होई. एका पावसाळ्यात वॉर्डात पाच सखू होत्या आणि एकीचे औषध दुसरीच्या पोटात गेले. सगुणाबाईंनी आल्या दिवशी साधी गोष्ट केली. त्या प्रत्येक बाईच्या नवऱ्याचे नाव शेजारच्या खाटेवरच्या बाईला विचारू लागल्या. ती खुशाल सांगे, वर दोन गोष्टी जास्तीच्या सांगे. डॉक्टर मंडळी यावर हसली. पण त्यानंतर औषध चुकले नाही. पुढच्या बारा वर्षांत उकळलेले पाणी, धुतलेल्या चादरी, सुइणींची पाळी, दाखल्याची चिठ्ठी, हे सारे त्यांच्या हाताखाली आले, आणि त्यांना कळवल्याशिवाय रुग्ण या खाटेवरून त्या खाटेवर हलवायचा नाही, असा एक नियम होऊन बसला, जो कोणी लिहिलेला नव्हता आणि कोणी मोडीत नसे.

त्या सकाळी दिवाण स्वतः जनानखान्याच्या उंबऱ्यापर्यंत आले. उंबऱ्याच्या आत आले नाहीत. अत्तर लावलेला रुमाल नाकाशी धरून बाहेरच उभे राहिले. त्यांच्या मागे शाळेचे प्राचार्य डॉक्टर मोरेश्वर फणसळकर होते, जे दिवाणांच्या सहवासात नेहमी अर्धे पाऊल मागे आणि थोडे वाकून असत.

‘‘सगुणाबाई, हा वॉर्ड संध्याकाळच्या आत रिकामा करून हवा.’’

‘‘कशासाठी, दिवाणसाहेब?’’

‘‘पाहणीसाठी.’’

‘‘पाहणी रुग्णालयाची आहे. रुग्ण आपल्या जागी आहेत. येऊन पाहू देत.’’

दिवाणांनी रुमालाआडून आत नजर टाकली. बेचाळीस खाटा होत्या. कोणी पोर छातीशी धरून बसली होती, कोणी ओकत होती, आणि भिंतीकडच्या अकरा खाटांवर अकराजणी डोळे अर्धवट मिटून उताण्या पडल्या होत्या.

‘‘हे रुग्ण दाखवण्याजोगे नाहीत,’’ दिवाण म्हणाले. ‘‘साहेब दारातून आत येणार आणि पहिल्यांदा हे बघणार? युद्धाचे दिवस आहेत. जखमी शिपाई नसलेले इस्पितळ या दिवसांत पांढऱ्या कपाळाचे दिसते. ते कसे दिसते हे तुम्हाला मी सांगावे असे नाही.’’

आजूबाजूला दोन परिचारिका होत्या. त्यांनी माना खाली घातल्या. सगुणाबाईंनी घातली नाही.

‘‘जखमी शिपाई आपल्याकडे नाहीत, साहेब. आपली पलटण अजून फाटकापलीकडे गेलेली नाही.’’

‘‘उद्या असतील. बेचाळीस. हवालदार येसबा आणून सोडील. चालत्या बायकांना घरी लावा, तीन दिवसांनी बोलवा. उरलेल्यांना पीलखान्यात.’’

‘‘चालत्या एकतीस आहेत, त्यांना मी धर्मशाळेत नेते. पण भिंतीकडच्या अकराजणी विषमज्वराच्या आहेत. तिसरा आठवडा चालू आहे. त्या हलवायच्या नाहीत.’’

‘‘नाहीत म्हणजे?’’

‘‘हलवल्या तर मरतील.’’ सगुणाबाई प्राचार्यांकडे वळल्या. ‘‘डॉक्टरसाहेब, गेल्याच महिन्यात आपण विद्यार्थ्यांना याच खाटांपाशी सांगितलेत. तिसऱ्या आठवड्यात आतडे ओल्या कागदासारखे होते. रुग्णाला कुशीवर वळवायचे तरी दोघांनी वळवावे. मी दाराशी उभी होते. सांगा ना दिवाणसाहेबांना.’’

डॉक्टर फणसळकर विलायतेत शिकून आले होते. विषमज्वरावरचे त्यांचे व्याख्यान इतके सुरेख असे की विद्यार्थी ते पाठ करीत. त्यांनी घसा साफ केला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

‘‘पुस्तकात तसे आहे खरे,’’ ते म्हणाले. ‘‘पण पुस्तके थंड देशात लिहिलेली असतात.’’

‘‘ऐकलेत?’’ दिवाण म्हणाले. ‘‘आणि बाई, उद्या तुम्ही दाराशी उभे राहायचे आहे. स्वच्छ पातळ नेसा. हार तुमच्या हातून नको, तो दुसरे कोणी घालील. तुम्ही हातात एखादे जाड पुस्तक धरा. बाईमाणसाच्या हातात पुस्तक दिसले की गोऱ्या साहेबाला आवडते.’’

‘‘अकराजणी हलणार नाहीत, दिवाणसाहेब.’’

दिवाण हसले. दरबारात तीस वर्षे मुरलेला माणूस नाही म्हणणाऱ्याशी वाद घालत नाही, त्याला दुसरीकडे बोलावतो. दुपारी राजवाड्यातून हुजऱ्या आला: राणीसाहेबांना प्रसूतिगृहाविषयी काही विचारायचे आहे, व्यवस्थापिकाबाईंनी तातडीने यावे. सगुणाबाई गेल्या. त्यांना बाहेरच्या दालनात, पेंढा भरलेल्या वाघासमोर, बसवण्यात आले. तास गेला, दुसरा गेला. राणीसाहेब झोपल्या होत्या. मग स्नानाला होत्या. मग देवाला होत्या. चौथ्या तासाला सगुणाबाईंच्या ध्यानात आले की राणीसाहेबांना आपण येणार हे ठाऊकच नाही. त्या उठल्या, आणि हुजऱ्या ‘‘बाईसाहेब, निरोप घेतल्याशिवाय जाता येत नाही’’ म्हणत मागे धावत असताना, राजवाड्याच्या पायऱ्या उतरून चालत किल्ल्याकडे आल्या. दिवस बुडायला आला होता.

जनानखान्याच्या भिंतीकडच्या खाटा रिकाम्या होत्या.

पीलखान्यात दगडी फरशीवर गवत पसरून वर चादरी टाकल्या होत्या. परिचारिका मार्था शिंगाडे एकीपाशी गुडघे टेकून बसली होती. ती उठली नाही.

‘‘मी आडवी झाले, बाई,’’ ती म्हणाली. ‘‘दारात आडवी झाले. शिपायांनी मला उचलून बाजूला ठेवलं. पोती उचलावीत तशा आणल्या यांना. दोघींना तर खांद्यावर टाकून.’’

‘‘डॉक्टर?’’

‘‘तीनदा निरोप धाडला. भाषण लिहितायत.’’

मार्था जिच्यापाशी बसली होती ती गिरजा, डोंगरपायथ्याच्या वाडीतली, बुरुडाच्या घरची, एकोणीस वर्षांची. तिचा चेहरा चुन्यासारखा झाला होता, नाडी बोटाखालून निसटत होती, आणि चादरीवर काळपट रक्त होते. सगुणाबाई डॉक्टर नव्हत्या. पण बारा वर्षे त्यांनी हे रक्त पाहिले होते आणि त्याचा अर्थ त्यांना ठाऊक होता.

‘‘थंडी,’’ गिरजा म्हणाली.

घोंगड्या वॉर्डात राहिल्या होत्या. त्या आणायला सगुणाबाई जनानखान्याकडे वळल्या आणि दाराशी थबकल्या. आत तालीम चालली होती. बेचाळीस धडधाकट शिपाई रुग्णालयाचे सदरे घालून खाटांवर पडले होते, काहींच्या मिशांना अजून मेण होते, आणि दरबारचा न्हावी एकेकाला पट्ट्या बांधून वर अळत्याचे डाग देत फिरत होता. एकाच्या पायाला मांडीपर्यंत चुन्याचे प्लास्टर थापले होते. मधोमध हवालदार येसबा, डोक्याला स्वतःची पट्टी, हातात छडी.

‘‘उद्या गोरा साहेब येईल. कुणी उठायचं न्हाई. कण्हायचं. गणू, तू कण्हतोस का गातोस रं?’’

हशा झाला.

‘‘दिवाणसाहेब आलं तर?’’ एकाने विचारले.

‘‘उठायचं न्हाई.’’

‘‘आन म्हाराज आलं तर? ललकारी झाली आन न्हाई उठलं, तर गेल्या साली म्हादूची पाठ सोलली व्हती. आठवतंय न्हवं?’’

येसबाची छडी थांबली.

‘‘म्हाराज आत येनारच न्हाईत,’’ तो अखेर म्हणाला. ‘‘दिवाणसाहेबांनी बंदोबस्त केलाय. म्हाराज शामियान्यातच बसत्याल.’’

सगुणाबाईंनी आत जाऊन घोंगड्या घेतल्या. येसबाने त्यांच्याकडे बघायचे टाळले.

गिरजा पहाटे गेली. तांबडे फुटत असताना मार्थाने तिचे डोळे मिटले. त्याच सुमाराला तिच्या पलीकडच्या ठकूबाईची नाडी धावू लागली आणि ओठ पांढरे पडू लागले. पीलखान्यात सलाइन टांगायला खुंटीही नव्हती. शस्त्रक्रियेचे सामान, गरम पाणी, खाटा, सारे जनानखान्यात होते, आणि जनानखान्यावर बंदूकधारी पहारा होता. कर्नल राजवाड्यावर उतरला होता; त्याच्याकडे जाणारी प्रत्येक चिठ्ठी दिवाणांच्या टेबलावरून जाई. पाहुणे तीन दिवस राहणार होते. ठकूबाईजवळ तीन दिवस नव्हते. दुपारही होती की नाही कोण जाणे.

नऊ वाजता सगुणाबाई स्वच्छ पातळ नेसून, हातात जाड पुस्तक धरून, सांगितलेल्या जागी उभ्या राहिल्या.

तुताऱ्या वाजल्या. साळुंक्यांची घरटी काढलेल्या तोफांनी नऊ बार काढले. त्यांतला सहावा निघाला नाही, तो पुन्हा काढावा लागला. राजेसाहेब श्रीमंत तुळाजीराव मोटारीतून उतरले: जरीचा मंदिल, मोत्यांचा तुरा, आणि ज्या युद्धात ते गेले नव्हते त्या युद्धाची दोन पदके. त्यांच्यासोबत कर्नल व्हिटलॉ, उंच, वाळका, कंटाळलेला. मागे दिवाण, त्यांच्या अर्धे पाऊल मागे प्राचार्य, आणि बाजूला चांदीचा दंड घेतलेला म्हातारा भालदार दाजी.

‘‘महाराजांनी शामियान्यात विसावा घ्यावा,’’ दिवाण म्हणाले. ‘‘साहेबांना प्राचार्य फिरवून आणतील.’’

राजेसाहेब वळणार, तोच सगुणाबाई दोन पावले पुढे आल्या आणि लवून नमस्कार केला.

‘‘महाराज, आज्ञा होईल तर एक अर्ज आहे.’’

दिवाणांच्या कपाळावर आठी चढली. राजेसाहेबांनी मान कलती केली; सकाळची वेळ होती, प्रकृती प्रसन्न होती, आणि परक्या साहेबासमोर प्रजेने अर्ज करावा हे त्यांना शोभादायक वाटले.

‘‘बोला, बाई.’’

‘‘आत बेचाळीसजण खाटांवर आहेत. एकूण एक महाराजांच्या मिठावर वाढलेले. महाराज दारापर्यंत येऊन त्यांना दर्शन न देता परत गेले, तर त्यांनी कोणाकडे पाहावे? महाराजांचे पाऊल आत पडले तर ते अंथरुणातून उठून उभे राहतील, अशी माझी खात्री आहे.’’

‘‘वा!’’ राजेसाहेब म्हणाले. ‘‘ऐकलेत, कर्नलसाहेब? आमच्या प्रजेची ही श्रद्धा.’’

‘‘महाराज,’’ दिवाण घाईने म्हणाले, ‘‘लागणीचा धोका आहे. महाराजांच्या प्रकृतीला...’’

‘‘दिवाणसाहेब तर कालच म्हणाले की आज आत सारे दाखवण्याजोगेच रुग्ण असतील,’’ सगुणाबाई शांतपणे म्हणाल्या. ‘‘लागण असती तर त्यांनी साहेबांना तरी आत कसे पाठवले असते?’’

कर्नलला दुभाष्याने हे सांगितले. सकाळपासून पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत थोडा जीव आला. ‘‘युअर हायनेस, आपण आलात तर मला आनंद होईल,’’ तो म्हणाला.

मग कोण अडवणार? राजेसाहेब निघाले. दिवाणांनी भालदाराची बाही धरली आणि पुटपुटले, ‘‘दाजी, ललकारी द्यायची नाही.’’

भालदार दाजीच्या घराण्यात सात पिढ्या हा दंड होता. त्याने आधी बाहीवरच्या हाताकडे पाहिले, मग दिवाणांकडे.

‘‘महाराज उंबरा ओलांडताना मुका राहिलेला भालदार आमच्या घराण्यात झाला नाही, रावबहादूर. महाराजांनी सांगावं, मी गप्प बसतो. तुम्ही त्यांना विचारता का?’’

दिवाणांनी विचारले नाही. महाराजांना काय म्हणून विचारणार होते?

राजेसाहेबांचा जोडा उंबऱ्यावर पडला आणि दाजीने दंड आपटून, जनानखान्याच्या कमानी घुमतील अशा आवाजात हाळी दिली: ‘‘निगाह रखो! श्रीमंत तुळाजीराव महाराज!’’

बेचाळीस खाटा एकदम करकरल्या. पट्ट्या बांधलेले, झोळीत हात अडकवलेले, डोळ्यांवर कापूस लावलेले, सारे एका उडीत फरशीवर उभे राहिले, टाचा जुळल्या, आणि कमरेत वाकून हात जमिनीपासून कपाळापर्यंत नेत त्यांनी एका तालात तीन मुजरे केले. प्लास्टरवाल्याचा पाय वाकेना. त्याने तो बाजूला ताठ पसरून मुजरा केला, आणि तिसऱ्या वेळी प्लास्टर तडकून खाली पडले. येसबाच्या डोक्याची पट्टी सुटून डोळ्यांवर आली तरी त्याचा हात चुकला नाही. एकच माणूस खाटेवर राहिला. तो पडल्या पडल्याच कपाळाला हात लावत होता.

त्या दालनात काय झाले आहे हे न कळलेला एकच पुरुष होता. त्याने सवयीने उजवा हात छातीशी नेऊन मुजरा स्वीकारला आणि समाधानाने चोहीकडे पाहिले.

कर्नल सावकाश चालत त्या एकट्या पडलेल्या शिपायापाशी गेला, त्याचे मनगट धरले, घड्याळ पाहिले.

‘‘याला ताप आहे,’’ तो म्हणाला. ‘‘हा तुमचा कोण?’’

‘‘रुग्ण, साहेब!’’ दिवाण म्हणाले. ‘‘खरा रुग्ण!’’

‘‘असे होय,’’ कर्नल म्हणाला. ‘‘आणि बाकीचे?’’

सगुणाबाई पुढे झाल्या. मॅट्रिकपर्यंत शिकलेले इंग्रजी त्यांनी बारा वर्षे औषधांच्या बाटल्यांवर वापरले होते. आता ते माणसाशी वापरले.

‘‘बाकीचे महाराजांचे पहारेकरी आहेत. या खाटांवरच्या माझ्या रुग्ण पीलखान्यात आहेत, साहेब. विषमज्वर, तिसरा आठवडा. काल खांद्यावर टाकून नेल्या. काल अकरा होत्या. आज पहाटेपासून दहा आहेत. एकीला रक्तस्राव चालू आहे, आणि आपण इथे उभे आहोत.’’

कर्नलने प्राचार्यांकडे पाहिले. ‘‘डॉक्टर, हे खरे आहे?’’

डॉक्टर फणसळकरांनी दिवाणांकडे पाहिले, दिवाणांनी कमानीकडे. मग, वारा कुठून वाहतो हे कळल्यावर, प्राचार्य असे काही धावू लागले की जणू या अकराजणींना कालपासून तेच शोधत होते. ‘‘स्ट्रेचर! गरम पाणी! सलाइन कुठे आहे? मी काय सांगत होतो, तिसऱ्या आठवड्यात...’’ मार्थाने त्यांच्या हातात गरम पाण्याची बादली दिली आणि ती पुढे गेली. बादली घेऊन ते तिच्या मागोमाग गेले.

रुग्णांना परत आणले ते त्याच शिपायांनी. सगुणाबाईंनी येसबाला एवढेच सांगितले, ‘‘इथल्या खाटा तिकडे न्या. सहाजण एका खाटेला. खाटेसकट उचलायचे. हिसका बसला तर माझ्याशी गाठ आहे.’’ आणि त्या एकेचाळीस माणसांनी, अळत्याचे डाग अंगावर तसेच असताना, दहा बायकांना इतक्या हलक्या हाताने आणले की ठकूबाईने डोळेही उघडले नाहीत. अकरावी पीलखान्यातच राहिली. येसबा परत गेला आणि तिच्यापाशी उभा राहिला. त्याने पट्टी काढून हातात घेतली होती.

पुढची हकिकत थोडक्यात सांगते, कारण जास्त सांगण्याची तिची लायकी नाही. ठकूबाई वाचली. दहापैकी नऊजणी महिन्याभरात आपल्या पायांनी घरी गेल्या. दहावी म्हातारी होती, ती तापानेच गेली. कर्नलच्या अहवालात ‘व्यवस्थेत काही किरकोळ उणिवा’ असे एक वाक्य होते. सरकारला डॉक्टर हवे होते. शाळेला मान्यता मिळाली, राजेसाहेबांना अकरा तोफा मिळाल्या, आणि दिवाणांच्या नावामागे आणखी एक पदवी लागली, जी वापरायला त्यांना पुढे चारच वर्षे मिळाली. सगुणाबाईंना आठव्या दिवशी कामावरून काढण्यात आले. कारण असे लिहिले होते की त्यांनी दिवाणांच्या पूर्वपरवानगीशिवाय श्रीमंतांशी संभाषण केले. त्यांनी पुढे एका तालुक्याच्या गावी नगरपालिकेचे प्रसूतिगृह बावीस वर्षे चालवले. नीलखेडच्या शाळेचा सुवर्णमहोत्सव झाला तेव्हा डॉक्टर फणसळकरांच्या तैलचित्राचे अनावरण झाले. आईला निमंत्रण आले नाही. तिने विचारले फक्त एवढेच: ‘‘चित्रात सरळ उभा दाखवलाय का त्याला?’’

पण त्या पाहणीच्या दिवशी दुपारी, पाहुणे जेवायला गेले असताना, प्राचार्य सगुणाबाईंच्या खोलीत आले. मृत्यूची नोंदवही टेबलावर होती. गिरजेच्या नावापुढचा रकाना कोरा होता.

‘‘बाई, झाले ते झाले. साहेबही आता निवळलेत. तेवढे विषमज्वर म्हणून लिहून टाका.’’

‘‘तुम्ही लिहा, डॉक्टरसाहेब. मृत्यूचे कारण डॉक्टरने लिहायचे असते. आपल्या अक्षरात लिहा आणि खाली सही करा.’’ त्यांनी टाक शाईत बुडवून पुढे केला.

प्राचार्य टाकाकडे पाहत राहिले. टोकाशी शाईचा थेंब जमला आणि टेबलावर पडला. ‘‘मी तर तिला तपासलेच नाही,’’ ते अखेर म्हणाले. ‘‘मी कसे लिहू?’’

‘‘खरे आहे. मी तिच्यापाशी होते.’’

सगुणाबाईंनी वही ओढली आणि रकान्यात एकच शब्द लिहिला. तो वाचून प्राचार्यांनी वही उचलायला हात घातला. सगुणाबाईंनी तिच्यावर आपला तळहात ठेवला आणि तसाच ठेवला, ते निघून जाईपर्यंत.

तिसऱ्या प्रहरी गिरजेचा नवरा कोंडाजी आला. चार कोस चालत आला होता. कामट्या तासून तासून हात चिरलेले होते. प्रेत ताब्यात घेताना अंगठा उठवावा लागे. त्याने अंगठा उठवला आणि शाई धोतराला पुसत वहीकडे पाहिले.

‘‘काय लिवलंय, बाई? कशानं गेली म्हनून?’’

‘‘पाहणी,’’ सगुणाबाईंनी वाचून दाखवले.

त्याने तो शब्द तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिला. ‘‘पाहणी. ह्यो कंचा आजार म्हनायचा?’’

‘‘साहेबलोक यायचे असले की होतो.’’

कोंडाजीने हळूहळू मान हलवली.

‘‘आमच्या वाडीत पन येतो,’’ तो म्हणाला, आणि तिला उचलायला वाकला.